चित्रांच्या गोष्टींतून हिरोशिमा

मुलाच्या हातांत चित्रांच्या गोष्टीचें पुस्तक दिसलें, कीं सुशिक्षित घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर हलकीशी आठी उमटते. असलीं पुस्तकें म्हणजे सुटीच्या दिवसांतला खाऊ. त्यानें जीभ गोड होते, पोट भरत नाहीं, असा त्यांचा समज असतो. तो सर्वस्वीं चुकीचा आहे असेंही नाहीं. परंतु एखाद्या राष्ट्रावर कोसळलेली घोर आपत्ति शाळेंतील मुलांस याच चित्रांच्या चौकटींतून समजावून द्यावी, असें कोणीं सुचविलें, तर ती आठी अधिकच खोल होईल. दुःखाचा हा पोरखेळ कशाला, असें विचारलें जाईल. या प्रश्नाचें उत्तर केवळ तर्कानें देतां येण्याजोगें नाहीं. तें अनुभवानेंच दिलें पाहिजे. असा अनुभव जपाननें, आणि विशेषतः हिरोशिमा शहरानें, गेल्या अर्धशतकांत भरपूर घेतलेला आहे. त्यांतील यश आणि अपयश या दोहोंचाही विचार शिक्षकांस व आईबापांस उपयोगी पडेल असा आहे.

प्रथम अडचण कोणती तें पाहिलें पाहिजे. दिनांक ६ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं सव्वाआठ वाजतां अमेरिकन विमानानें टाकलेला अणुबाँब हिरोशिमावर, जमिनीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर, फुटला. त्या दिवशीं शहरांत सुमारें साडेतीन लाख माणसें होतीं. वर्षअखेरपर्यंत त्यांतील अदमासें १,४०,००० माणसें मृत्यु पावलीं. कांहीं त्या क्षणींच, कांहीं आगींत, आणि कांहीं अंगावर जखमेची खूण नसतांही किरणोत्सर्गानें, आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं. इतिहासाच्या पुस्तकांत हें सारें चार ओळींत मावतें. मूल तें पाठ करतें, परीक्षेंत लिहितें आणि विसरून जातें. यांत मुलाचा दोष नाहीं. शेजारचें एक लेंकरूं दगावलें हें ऐकून जें मन गलबलतें, तेंच मन एक लाख चाळीस हजार हा आकडा ऐकून जागचें हालतही नाहीं. कारण आकड्याला चेहरा नसतो, नांव नसतें, राहावयास घर नसतें. पोक्त माणसाच्या पदरीं स्वतःच्या शोकाचा कांहीं अनुभव जमा झालेला असतो, आणि त्या मापानें तो परक्याचें दुःख अदमासानें मोजूं शकतो. दहा वर्षांच्या मुलाजवळ तें माप नसतें. आकडा खरा असूनही तो मुलाला कांहींच सांगत नाहीं, ही राष्ट्रीय आपत्ति शिकविणाऱ्याची पहिली अडचण होय.

मग छायाचित्रें दाखवावीं, असें वाटेल. परंतु जळून विद्रूप झालेल्या देहांचें छायाचित्र समोर येतांच मूल डोळे मिटून घेतें. भीति तेवढी मागें राहते, समज येत नाहीं. शिवाय हिरोशिमाच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे. त्या दिवशीं शहराच्या आंत काढलेलीं छायाचित्रें फारच थोडीं आहेत. योशितो मात्सुशिगे नांवाचे एक वृत्तपत्रीय छायाचित्रकार कॅमेरा घेऊन तासन्‌तास शहरांत हिंडले, आणि त्यांच्या हातून अवघीं पांच छायाचित्रें निघालीं. समोरचें दृश्य पाहून कळ दाबवेना, असें त्यांनीं पुढें सांगितलें. म्हणजे जो क्षण जगानें सर्वांत अधिक लक्षांत ठेवावयाचा, त्या क्षणापुढें यंत्राचा डोळाच मिटला. पुढें जें कांहीं पाहावयास मिळालें, तें माणसांनीं आठवणींतून आपल्या हातानें काढलेलें आहे. हिरोशिमाच्या कहाणींत रेखाचित्राला जें महत्त्व आलें, तें येथून आलें.

चित्रकादंबरी, जिला इंग्रजी नांवानें ग्राफिक नॉव्हेल म्हणतात, ती आणि चित्रें घातलेलें गोष्टीचें पुस्तक यांत भेद आहे. गोष्टीच्या पुस्तकांत मजकूर कथा सांगतो आणि चित्र तिला शोभा आणतें. चित्र काढून टाकलें तरी कथेचें अडत नाहीं. चित्रकादंबरींत चित्रेंच कथा चालवितात. एका पानावर चारसहा चौकटी, प्रत्येक चौकटींत एक क्षण, पात्रांच्या तोंडचे शब्द त्यांच्या डोक्यावरील फुग्यांत, आणि दोन चौकटींच्या मध्यें कोरी जागा, अशी तिची रचना असते. जपानांत या कलेस मांगा म्हणतात, आणि तेथें ती लहानथोर सर्वजण वाचतात. याच कलेंत हिरोशिमाच्या एका मुलानें मोठेपणीं आपल्या शहराची कहाणी सांगितली.

त्या मुलाचें नांव केइजी नाकाझावा. त्यांचा जन्म १९३९ सालीं हिरोशिमांत झाला. वडील चित्रकार होते. युद्धाला त्यांचा विरोध होता आणि त्यापायीं त्यांना तुरुंगवासही घडला होता. बाँब पडला त्या सकाळीं सहा वर्षांचा केइजी शाळेच्या फाटकापाशीं पोंचला होता. बाँब फुटला त्या स्थळापासून ही शाळा सुमारें सव्वा किलोमीटरवर होती. एका वर्गसोबत्याच्या आईनें कांहीं विचारण्यासाठीं त्याला थांबविलें, आणि तेवढ्यांत तें घडलें. फाटकाजवळच्या काँक्रीटच्या भिंतीचा आडोसा मिळाल्यामुळें तो वांचला. समोर उभी असलेली ती बाई जळून गेली. घरीं वडील, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखालीं अडकले आणि तेथेंच आगींत गेले. आई बचावली. ती गरोदर होती. त्याच दिवशीं रस्त्यावर तिची प्रसूति झाली. ती तान्ही मुलगीही कांहीं महिन्यांतच गेली.

चित्रकार होण्याच्या हेतूनें नाकाझावा १९६१ सालीं टोकियोस गेले. तेथें बाँबच्या माऱ्यांतून वांचलेल्यांकडे लोक संशयानें पाहत, म्हणून त्यांनीं आपली हकीकत मनांतच ठेवली. कित्येक वर्षें ते मुलांसाठीं पराक्रमाच्या आणि खेळाच्या गोष्टी काढीत राहिले. १९६६ सालीं आई वारली. दहनानंतर अस्थि वेंचण्याची जपानी रीत आहे. परंतु नाकाझावा अस्थि वेंचावयास गेले तेव्हां वेंचण्याजोग्या अस्थि उरल्याच नव्हत्या, पांढरी राख तेवढी होती. किरणोत्सर्गानें आईचीं हाडेंसुद्धां खाऊन टाकलीं, असें त्यांच्या मनानें घेतलें, आणि इतकीं वर्षें दाबून ठेवलेला संताप वर आला. १९६८ पासून ते बाँबविषयीं उघडपणें काढूं लागले. १९७२ सालीं ‘मीं पाहिलें’ ही त्यांची चित्रमय आत्मकथा निघाली, आणि १९७३ च्या जूनमध्यें ‘शोनेन जंप’ या मुलांच्या साप्ताहिकांत ‘हादाशी नो गेन’, म्हणजे ‘अनवाणी गेन’, ही दीर्घ कथा क्रमशः सुरू झाली. पुढें तिला एकामागून एक नियतकालिकें बदलावीं लागलीं; त्यांत शिक्षकसंघटनेचेंही एक होतें. शेवटीं ती पूर्ण झाली. तिचे दहा भाग आहेत. ज्या काळीं जपानी शाळांच्या ग्रंथालयांत मांगाला सहसा प्रवेश नव्हता, त्या काळीं हें पुस्तक तेथें जाऊन बसलें. स्वयंसेवकांनीं १९७६ पासून त्याच्या इंग्रजी भाषांतराचें काम हातीं घेतलें. पुढें तें अनेक भाषांत गेलें, हिंदींतही आलें.

आतां या कथेची बांधणी पाहण्यासारखी आहे. अणुबाँबची कथा म्हटल्यावर ती बाँबपासून सुरू होईल असें कोणालाही वाटेल. नाकाझावांनीं तसें केलें नाहीं. पहिला भाग जवळजवळ संपत येईपर्यंत बाँब पडतच नाहीं. तोंवर वाचक नाकाओका कुटुंबांत वावरत असतो. गेनचे वडील लांकडी खडावा रंगवून पोट भरतात. घराला एक गव्हाचें शेत आहे. तुडविलेला गहूं पुन्हां उभा राहतो, अधिक ताठ वाढतो, तसें तुम्हीं व्हावें, असें ते मुलांस सांगतात. घरांत अन्नाची चणचण आहे; एका रताळ्यासाठीं भावंडें भांडतात. वडील युद्धाविरुद्ध बोलतात म्हणून शेजारी या घराला देशद्रोही ठरवितात, मुलांवर दगड येतात. एक कोरियन शेजारी, पाक, तेवढा माणुसकीनें वागतो. पोटासाठीं गेन आणि त्याचा धाकटा भाऊ शिंजी रस्त्यावर गाणें म्हणून पैसे मागतात. गरोदर आईच्या पोटांत कांहीं जावें म्हणून दुसऱ्याच्या तळ्यांतला मासा चोरावयास जातात. हें सर्व वाचतांना मूल हंसतें, रागावतें, गेनचा पक्ष घेतें. आणि मग सव्वाआठ वाजतात. बाँब पडतो तो एखाद्या नकाशावरील शहरावर पडत नाहीं. ज्या घरांत वाचणारें मूल कित्येक दिवस जाऊन येऊन होतें, त्या घरावर तो पडतो. ज्या मापाची उणीव वर सांगितली, तें माप लेखकानें मुलाच्या हातीं आधींच दिलेलें असतें.

हें काम गद्य कादंबरीनेंही झालें असतें, असा आक्षेप येईल. कांहीं अंशीं तो खरा आहे. तथापि चित्रांच्या चौकटींस दोन गुण असे आहेत, कीं ते शोककथेच्या वेळीं फार उपयोगीं पडतात. पहिला गुण दोन चौकटींमधील कोऱ्या जागेचा. एका चौकटींत घराखालीं अडकलेला भाऊ हांका मारतो आहे. पुढच्या चौकटींत ज्वाला आहेत. मधलें जें कांहीं घडलें तें काढलेलें नाहीं. तें वाचणाऱ्याच्या मनानें भरून काढावयाचें असतें, आणि प्रत्येक मन तें आपल्याला सोसेल तेवढेंच भरतें. दुसरा गुण वेगाचा. १९८३ सालीं या कथेवर चलच्चित्र निघालें. परंतु पडद्यावरील चित्र प्रेक्षकाला आपल्या वेगानें ओढून नेतें. पुस्तकांत वेग वाचणाऱ्याच्या बोटांत असतो. मूल एका पानावर रेंगाळूं शकतें, मागें जाऊन हयात असलेल्या शिंजीला पुन्हां भेटूं शकतें, आणि असह्य झालें तर पुस्तक मिटून ठेवूं शकतें. शिवाय ही माणसें मुलांच्या साप्ताहिकाच्या पद्धतीनें काढलेलीं आहेत. वाटोळे चेहरे, मोठे डोळे, ठसठशीत रेघा. छायाचित्रापासून दूर असलेल्या या रेघांमुळेंच अंगावरचें कातडें लोंबत चाललेल्या माणसांच्या रांगेकडे मूल पाहूं शकतें. आपण पाहिलें त्याहून बरेंच सौम्य करून काढलें आहे, असें नाकाझावा सांगत असत.

असें असूनही या पुस्तकाला त्याच्या देशांतच दोनदां अडथळा झाला, आणि हे दोन्ही प्रसंग शिकण्यासारखे आहेत. पहिला मात्सुए शहरांतला. २०१२ च्या डिसेंबरांत, म्हणजे ज्या महिन्यांत नाकाझावा वारले त्याच महिन्यांत, तेथील शिक्षणमंडळानें प्राथमिक व माध्यमिक शाळांना असें कळविलें, कीं हें पुस्तक ग्रंथालयाच्या उघड्या फळीवर न ठेवतां आंत बंद ठेवावें. कारण बाँबच्या चित्रांचें नव्हतें. शेवटच्या कांहीं भागांत जपानी सैन्यानें आशियांतील इतर देशांत केलेल्या अत्याचारांचीं चित्रें आहेत. तीं मुलांस फार भयंकर होतील, असें मंडळाचें म्हणणें होतें. पुढील ऑगस्टांत ही गोष्ट बाहेर फुटली, देशभर वादळ उठलें, आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेस मंडळानें आपली सूचना मागें घेतली. भयंकर दृश्यांची काळजी वाहणें हें आईबापांचें आणि शिक्षकांचें कामच आहे. परंतु स्वतःच्या घरावर पडलेला बाँब मुलानें पाहावा आणि स्वतःच्या घरच्यांनीं दुसऱ्याच्या घरावर चालविलेली तलवार पाहूं नये, अशी वाटणी एकदां केली, म्हणजे शोकाचें शिक्षण संपतें आणि केवळ तक्रारीचें शिक्षण सुरू होतें. ही वाटणी नाकाझावांनीं कोठेंच केली नाहीं. बाँबनंतर पाकच्या जखमी वडिलांना कोरियन म्हणून उपचार नाकारले जातात, हेंही त्यांनीं काढून ठेवलें आहे. मरणाच्या दारींही राष्ट्रीयत्व विचारलें गेलें, ही गोष्ट जपानी मुलांस एका जपानी चित्रकारानें सांगितली.

दुसरा प्रसंग खुद्द हिरोशिमांतला. तेथील शाळांत शांतिशिक्षणाचें एक खास पाठ्यपुस्तक आहे, आणि प्राथमिक तिसऱ्या इयत्तेच्या भागांत ‘अनवाणी गेन’मधील कांहीं प्रसंग घेतलेले होते. २०२३ च्या फेब्रुवारींत ते वगळण्याचा निर्णय जाहीर झाला. वगळलेल्या प्रसंगांत गेननें पैशासाठीं रस्त्यावर गाणें म्हणणें आणि आईसाठीं मासा चोरणें हे होते. हें गाणें ज्या जुन्या कथागायनाच्या प्रकारचें आहे तो आजच्या मुलांस ठाऊक नाहीं, चोरीच्या प्रसंगाला पुष्कळ खुलासा द्यावा लागतो, आणि एवढ्याशा वेळांत या तुकड्यांवरून बाँबची खरी भीषणता मुलांपर्यंत पोंचत नाहीं, असें कारण देण्यांत आलें. त्यांच्या जागीं बाँबमधून वांचलेल्या एका व्यक्तीची सत्यकथा घालण्यांत आली.

हा निर्णय सरळ निंदेचा विषय नव्हे. त्यामागील तक्रार एका अर्थीं रास्तच आहे: तुकडे पुरेसे नव्हते. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष निराळा असावयास हवा होता. मासा चोरण्याचा प्रसंग बाँबविषयीं कांहीं सांगत नाहीं, हें खरें. तो आईविषयीं सांगतो. आणि ती आई कोण हें ज्या मुलाला ठाऊक नाहीं, त्याला त्या दुपारीं रस्त्यावर झालेल्या प्रसूतीचा अर्थ कळणार नाहीं. कथेंतून दोन पानें कापून पाठ्यपुस्तकांत चिकटविलीं, तर त्या कथेचें जें खरें काम, म्हणजे घरांत शिरण्यास लागणारा वेळ, तोच नाहींसा होतो. चित्रकादंबरी ही सोपें केलेलें पाठ्यपुस्तक नव्हे. वेळ वांचविण्यासाठीं तिचा उपयोग करूं गेलें, तर ती फसते. वेळ देण्याची तयारी असेल तरच ती फळ देते.

आणि वेळ दिल्यावरही ती एकटी पुरी पडत नाहीं. कथेंतला गेन वडिलांच्या, बहिणीच्या आणि भावाच्या मरणाच्या वेळीं तेथें हजर असतो. त्यांना सोडून आईला ओढून नेण्याची पाळी त्याच्यावर येते. प्रत्यक्षांत नाकाझावा तेथें नव्हते. त्यांनीं तें आईच्या तोंडून ऐकलें होतें. कथेसाठीं केलेला हा बदल लबाडी नव्हे, तो कादंबरीचा हक्क आहे. मात्र विद्यार्थ्यास तो कळला पाहिजे. चांगला शिक्षक येथें थांबून विचारील, कीं लेखकानें गेनला तेथें कां उभें केलें? या एका प्रश्नानें मूल दोन गोष्टी शिकतें: घडलेलें आणि रचलेलें यांतील भेद, आणि रचलेल्यांतूनही सत्य कसें बोलतें, याची जाण. इतिहासाच्या अभ्यासाचा पाया याहून निराळा नाहीं.

दुसऱ्या देशांतील अनुभवही याला धरून आहे. अमेरिकन चित्रकार आर्ट स्पीगलमन यांनीं ‘माउस’ या ग्रंथांत नाझींच्या छावण्यांतून वांचलेल्या आपल्या वडिलांची हकीकत सांगितली. ज्यूंना उंदरांचीं आणि जर्मनांना मांजरांचीं तोंडें दिलीं. १९८६ आणि १९९१ सालीं त्याचे दोन भाग निघाले आणि १९९२ सालीं त्यास पुलित्झर समितीचा विशेष पुरस्कार मिळाला. त्यांत वडील आठवतात आणि मुलगा ऐकून काढतो, हें वाचकाला सतत दिसत राहतें; म्हणजे आठवण कशी हातीं येते हाही त्या कथेचाच एक भाग आहे. तरीही २०२२ च्या जानेवारींत टेनेसी राज्यांतील एका जिल्ह्याच्या शाळामंडळानें कांहीं शिव्या आणि एक नग्न आकृति यांवर बोट ठेवून तो ग्रंथ आठव्या इयत्तेच्या अभ्यासांतून काढला. उलट पक्षीं, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या चौकशीचा जाडजूड सरकारी अहवाल सिड जेकबसन व एर्नी कोलोन यांनीं २००६ सालीं चित्ररूपांत आणला. त्यांत चार विमानांच्या हकीकती एकाखालीं एक अशा पट्ट्यांत मांडल्या आहेत, आणि कोणत्या मिनिटास कोठें काय चाललें होतें तें एका दृष्टिक्षेपांत कळतें. एक ग्रंथ घर दाखवितो, दुसरा घड्याळ दाखवितो. शिक्षकाला दोन्हींची गरज असते; मात्र कोणत्या पुस्तकाकडून कोणतें काम घ्यावयाचें, हें त्यानें आधीं ठरविलें पाहिजे.

मग शाळेंत हें कसें करावें? आधीं पूर्वपीठिका सांगावी: युद्ध कसें पेटलें, जपाननें शेजारच्या देशांत काय केलें, हिरोशिमा नकाशावर कोठें आहे. मग पुस्तक मुलांना आपापल्या वेगानें, शांतपणें वाचूं द्यावें. मोठ्यानें वाचून घेण्याची घाई करूं नये. त्यानंतर एखादें पान उघडून विचारावें, या दोन चौकटींच्या मध्यें काय घडलें असेल? मुलांचीं उत्तरें येऊं द्यावींत. त्यांतून कोणाच्या मनांत काय दाटलें आहे तें शिक्षकाला कळतें, आणि जें मूल गप्प झालें असेल त्याच्याजवळ बसतां येतें. शेवटीं पुन्हां त्या आकड्याकडे यावें. एक लाख चाळीस हजार म्हणजे गेनच्या घरासारखीं किती घरें, असा हिशेब मुलांनींच मांडावा. ज्या आकड्यानें आरंभीं कांहीं सांगितलें नव्हतें, तोच आकडा आतां बोलूं लागतो. शेवटचे, अधिक कठोर भाग मोठ्या वर्गांसाठीं राखून ठेवावेत. लपवून ठेवूं नयेत.

हिरोशिमांत या कामानें आणखी एक वाट काढली आहे. १९७४ सालीं एका वृद्ध गृहस्थानें त्या दिवसाचें आपल्या हातानें काढलेलें चित्र जपानच्या सार्वजनिक ध्वनिक्षेपण संस्थेच्या हिरोशिमा केंद्रांत आणून दिलें. तें पाहून केंद्रानें लोकांना आवाहन केलें, आणि जन्मांत कुंचला न धरलेल्या माणसांनीं काढलेलीं दोन हजारांवर चित्रें जमा झालीं. पुढें २००७ पासून मोतोमाची माध्यमिक विद्यालयाचे कलाशाखेचे विद्यार्थी बाँबमधून वांचलेल्या वृद्धांसमवेत महिनेन्‌महिने बसून, त्यांच्या आठवणी ऐकून, तैलचित्रें काढूं लागले. चित्र काढावयाचें म्हणजे ढोबळ ऐकून भागत नाहीं. धूर कोणत्या बाजूस होता, हात कसा धरला होता, जमिनीचा रंग कोणता, हें सारें विचारावें लागतें. आणि विचारतां विचारतां एकाची आठवण दुसऱ्याच्या हातांत उतरते. या वृद्धांचें सरासरी वय आतां ८५ च्या पुढें गेलें आहे. हिरोशिमा आणि नागासाकी मिळून वांचलेल्या नोंदलेल्या व्यक्तींची संख्या २०२५ सालीं एक लाखाच्या खालीं उतरली. त्यांच्या संघटनेला २०२४ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु पारितोषिकानें आयुष्य वाढत नाहीं. ज्या दिवशीं शेवटचा साक्षीदार जाईल, त्या दिवसापासून मुलांना विचारावयास माणूस उरणार नाहीं. पुस्तकें आणि चित्रें तेवढीं उरतील. म्हणून तीं कशीं वाचावयाचीं हें मुलांस आजच शिकविलें पाहिजे.

महाराष्ट्राला ही रीति अगदींच परकी नाहीं. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजांतील चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या रामायण-महाभारतांतील कथा अशाच सांगत आले. सुट्या चित्रांची पोथी समोर ठेवावयाची, एकेक चित्र उचलून दाखवावयाचें, आणि वाद्यांच्या साथीनें त्याची कथा गावयाची. चित्र पुढें असतें, पण सांगणारा त्याच्या मागें बसलेला असतो. श्रोत्यांकडे पाहून तो कोठें थांबतो, कोठें आवाज उतरवितो. मुलाच्या हातीं शोकाची चित्रकथा देणाऱ्या घरानें एवढें एक ध्यानांत ठेवलें तरी पुरे आहे, कीं चित्रामागें कोणी तरी बसलेलें असावें.

भारताच्या पदरींही असें एक दुःख आहे. १९४७ च्या फाळणीविषयीं विश्वज्योति घोष यांनीं २०१३ सालीं सिद्ध केलेला ‘धिस साइड दॅट साइड’ हा चित्रकथांचा संग्रह भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश या तिन्ही देशांतील लेखक-चित्रकारांनीं मिळून केलेला आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणींत येऊन उतरलेल्या सिंधी निर्वासितांनींच उल्हासनगर वसविलें. त्यांच्या नातवंडांबरोबर मराठी मुलें आज एका बांकावर बसतात. फाळणीचा धडा ज्या दिवशीं शाळेंत होईल, त्या संध्याकाळीं अशा एखाद्या चित्रकथेचीं चार पानें घरांत उघडलीं जावींत. वडिलांनीं किंवा आईनें शेजारीं बसावें, पान उलटण्याची घाई करूं नये, आणि मुलाचा पहिला प्रश्न येईपर्यंत वाट पाहावी. तो प्रश्न बहुधा तारखेचा किंवा आकड्याचा नसतो. मग त्या मुलाचें पुढें काय झालें, असें तें विचारतें. आणि तेथूनच त्याचा इतिहासाचा अभ्यास सुरू होतो.